पदराआडची कुक्कुक्

सेलूच्या जनावरांच्या दवाखान्यात मी शेळी घेऊन बसलो होतो. शेजारी एक बाई येऊन टेकली. तिच्या मांडीवर गावरान कोंबडी होती. कोंबडी चोच उघडी टाकून श्वास घेत होती आणि दर श्वासाला तिच्या गळ्यात घरघर वाजत होती. बाई पदराच्या टोकानं तिचं नाक टिपायची, मान सरळ धरायची, आणि मग स्वतःच्याच पोटाकडं वाकून म्हणायची, "कुक्... कुक्... कुक्."

बाईचं डोकं ठिकाणावर नाही, असं मी मनात ठरवूनही टाकलं. समोरचा एक जण हसला. "मावशी, एवढी बिमार हाय तर कापून मोकळं व्हायचं ना!"

ती कोंबडीची मान सरळ करत राहिली. कोंबडीची अवस्था बघून डॉक्टरांनी आधी तिला सुई टोचली, पाजायचं औषध दिलं, तरी बाईची पोटाशी कुक्कुक् चालूच. शेवटी मी विचारलंच.

तिनं पदर जरा बाजूला केला. पोटाशी फडक्यात अंडी बांधलेली होती. त्यातलं एक काढून तिनं माझ्या कानाला लावलं. अंडं कोमट होतं, आणि आतून बारीक चिवचिव येत होती.

"उद्या-परवा फुटतेल," ती म्हणाली. "आतून आवाज द्यायलेत. हिचा गळा बसलाय, हिला जवाब देता येईना. कुणीतरी हाय म्हणून सांगाया पाहिजे की न्हाई त्यांना?"

कुक्कुक् करत ती निघून गेली. माझ्या शेळीचा नंबर पुकारला, तेव्हाही माझा कान कोमटच होता.