गडग्यावरची पानफुटी

गोव्यात अजून पोर्तुगीज होते, त्या दिवसांत आम्ही मालवणात भाड्याने राहत होतो. शेजारच्या काकांच्या आणि आमच्या आवारांच्या मधे चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकं दगडी कुंपण, होता, आणि गडग्यावर पानफुटी.

रोज सकाळी तोंडात दातवण धरून काका गडग्याची पाहणी करत. "वयनी, ह्या झाड तुमचा. गडगो माझो. मुळां चिऱ्यात शिरतत." आई नुसतं हूं म्हणायची. मग ते स्वतःच झाड उपटून आमच्या बाजूला फेकून देत. पानफुटीचं पान पडेल तिथे रुजतं, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. काकांनी मात्र ते कधी मनावर घेतलं नाही. पाऊस सरेपर्यंत गडगा दोन्ही अंगांनी हिरवा झालेला असे.

थंडीत त्या झाडाला तांबूस फुलं घंटांसारखी लोंबायची. तेव्हा काकांचा सूर बदले. वाटेवरचं कुणी बघत थांबलं की ते ओटीवरून खाकरत, "माझ्या गडग्यार आसा मां, माझाच ता."

पुढे वडिलांची नाशिकला बदली झाली. एसटी सुटता सुटता काका धापा टाकत आले आणि खिडकीतून आईच्या हातात केळीच्या पानाची पुडी कोंबून म्हणाले, "तुमचा झाड माझ्या गडग्यार ठेवन खंय जातास?"

पुडीत पानफुटीची पानं होती. आईने ती नाशिकला एका डब्यात लावली. दुसऱ्या थंडीत फुलं आली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "छान आहे हो तुमचं झाड."

"आमचं नाही," आई म्हणाली. "फुललंय ना, म्हणजे ते मालवणच्या शेजाऱ्यांचं."