घोडीवरची बोली

आसपासच्या शेतांवर तिला सगळे फोटोबाई म्हणत. आठवडाभर स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायचे आणि रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून शेतं गाठायची, हा तिचा वीस वर्षांचा नेम. अलीकडे मात्र शेतांपेक्षा शेतांचे लिलावच जास्त असत. म्हातारी माणसं थकत, मुलं त्यांना शहरात नेत, आणि नांगरापासून दुधाच्या कॅनपर्यंत सगळ्यावर नंबर चिकटवून अंगणात मांडलं जाई. तिथे तिचा एकच नियम: कशाच्या मध्ये पडायचं नाही. नुसतं टिपायचं.

तो नियम मोडायचं तिने एकदाच कबूल केलं. ज्या म्हाताऱ्याकडे तिने नऊ वर्षं हक्काने चहा प्यायला, त्याच्याच शेतावर लिलाव होता. जावयाने यादी परस्पर छापली आणि तिच्यात म्हातारी घोडीही घातली. यादीत आलेलं मागे घेता येत नव्हतं आणि मालकाला स्वतःच्या जनावरावर बोली लावता येत नव्हती. खाटीक तर टेम्पोच घेऊन आला होता. घोडी सांभाळायला शेजारी तयार होता, पण त्या दिवशी तो बाहेरगावी होता. ती सोडवायची तेवढी बाकी होती. म्हाताऱ्याने पैसे फोटोबाईच्या खिशात कोंबले.

“तू फक्त हात वर कर पोरी. बाकी काही नको.”

“काका, काळजीच सोडा.”

घोडी बाहेर आली. खाटकाने बोट उचललं. लिलाववाल्याने आणखी कोण म्हणून विचारलं, तसा म्हातारा कुंपणाशी उभा राहून तिच्याकडे बघू लागला. नेमके ढग सरले आणि तिरपं ऊन त्याच्या तोंडावर आलं. असा चेहरा तिला वीस वर्षांत मिळाला नव्हता. एक फोटो काढला, मग आणखी एक, मग कॅमेरा उभा धरून एक. दोन्ही हात गुंतलेले. एक वार, दोन वार, तीन वार झालं तेव्हा ती फोकस बघत होती.

मग पैसे पुढे करत ती खाटकामागे धावली. त्याने टेम्पोची फळी लावली आणि मघाशी डुलकी लागली होती का, असं हसत विचारलं.

म्हातारा ओरडला नाही. पैसे परत घेताना एवढंच म्हणाला, “आला का चांगला?”

“आला,” ती म्हणाली. खोटं बोलायचंही तिला सुचलं नाही.

तो वर्षभरात गेला. भिंतीवर लावायला मुलीला फोटो हवा होता. स्टुडिओत येऊन तिने नेमका तोच निवडला.

“किती आशेने बघताहेत बाबा,” ती म्हणाली.

फोटोबाईने विचारलं, “मोठा करून देऊ?”