शेंडीचे ऐन

धसईच्या बाजारात शकूबाईच्या टोपलीशी भाव करायला कुणी दुसऱ्यांदा थांबत नाही. एकदा सांगितला तो भाव. गोठ्यात शिरलेली घोणस तिने एकटीने काठीवर उचलून ओढ्यापलीकडे टाकली आहे. तलाठ्याने एकदा "उद्या या" म्हटलं, तर तिने त्याच्याच कचेरीतल्या बाकावर भाकरीचं फडकं सोडलं आणि उद्या होण्याची वाट बघत बसली. संध्याकाळच्या आत तिचा सातबारा हातात आला. अशी ही बाई आयुष्यात कुठल्याच माळ्यावर चढलेली नाही. शिडीच्या तिसऱ्या पायरीला तिचे पाय लटपटतात. पापडाचा डबा वर असला तर तो सुनेने, म्हणजे स्नेहलने, काढून द्यायचा. आणि शकूबाई हे लपवतही नाही. "मला उंचीची भीती वाटते," असं ती भर बाजारात सांगते, जसं एखाद्या बाईने मला वांगं सोसत नाही म्हणून सांगावं.

तिचा डावा हात कोपरात वाकडा आहे. त्याची गोष्ट मात्र ती विचारल्याशिवाय सांगत नाही.

आमच्याकडे भाताची रोपं राबात करतात. राब म्हणजे शेताचा एक तुकडा. होळीच्या आधी ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडायच्या, शेणावर आणि गवतावर पसरायच्या, सुकल्या की जाळायच्या आणि त्या राखेत पाऊस तोंडावर आला की भात पेरायचं. फांद्या तोडायला कुणालातरी झाडावर चढावं लागतं. शकूच्या माहेरी हे काम थोरल्या काकाचं. शकू नऊ वर्षांची, आणि उंचावर नेली की किंचाळायची. काकाला ते पटेना. भीती एकदा मोडून टाकली की संपली, असं त्याचं म्हणणं. एके दिवशी त्याने पोरीला उचललं, ऐनाच्या दुबेळक्यात, दोन फांद्यांच्या बेचक्यात, बसवलं आणि "तंबाखू मळून येतो" म्हणून गेला. बांधावर कुणीतरी भेटला, गप्पांना तोंड फुटलं आणि काका पोरीला विसरला. गुरं घरी परतायच्या वेळेपर्यंत शकू त्या झाडावर होती. परकर ओला झाला, बोटं बधिर झाली आणि शेवटी ती खाली पडली. हात मोडला. काका धावत आला आणि पहिलं काय विचारलं असेल? "गेली ना भीती?"

एवढं सांगून शकूबाई कोपर चोळते. काका जाऊन तीस वर्षं झाली, पण तिने त्याला अजून माफ केलेलं नाही आणि पुढे करायचा विचारही नाही.

लग्न होऊन ती धसईच्या बाजूला आली. नवरा जयराम झाडावर चढण्यात वस्ताद. सकाळी चढला की न्याहारीपर्यंत दोन ऐन बोडके. तो गेला त्याला आता बारा वर्षं झाली. पहिल्या वर्षी होळीच्या आधी मुलगा, रितेश, कोयता घेऊन झाडाखाली उभा राहिला. चोवीस वर्षांचा दांडगा गडी. शकूबाई म्हणाली, "नको चढू." आणि रितेशने कोयता खाली ठेवला. त्या वर्षापासून त्यांच्या घरात बांबूला कोयता बांधतात आणि जमिनीवर उभं राहून फांद्या ओढतात. बांबू पोचतो तिथपर्यंत झाड बोडकं होतं, वरचा झुबका तसाच राहतो. रस्त्याने जाणारा कुणीही बोट दाखवून सांगेल, ते शेंडीवाले ऐन शकूबाईचे. गावात हसू झालं. "आये चढू देत नाय," असं रितेश सगळ्यांना सांगायचा आणि लोक शकूबाईला हसायचे. हसोत बिचारे. तिचं भात काही कुणापेक्षा कमी येत नव्हतं.

हसणं तिच्यापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण मागच्या वर्षी नातीची शाळेची सहल निघाली, वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटात. कुणाली तेव्हा दहा वर्षांची. वर कड्याजवळ गेल्यावर ती मटकन खाली बसली आणि उठेचना. बाईंनी कडेवर घेऊन तिला मागे आणलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिचं नाव पडलं 'शेंडी'. पोर घरी येऊन रडली नाही, फक्त केस विंचरताना म्हणाली, वेणी नको, कापून टाका. ते रितेशच्या फार जिव्हारी लागलं. तो मुरबाडच्या कंपनीत कामाला, चार माणसांत वावरणारा. घराण्यावरचा हा शिक्का पुसायचाच, असं त्याने मनाशी ठरवलं.

संधी मिळाली भाताची झोडणी आटोपल्यावर. बचत गटाच्या बायकांनी सहल काढली, शहापूरच्या पुढे हायवेला लागून असलेल्या एका मोठ्या पार्कात. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळं तिथे. घरच्या माणसांना घेऊन या, असं ठरलं. सकाळी दोन गाड्या सरळगाव, किन्हवली करत निघाल्या. गाडीत बायका गाणी म्हणत होत्या. रितेश मधूनच कुणालीला सांगत होता की आज मोठ्या आकाशपाळण्यात बसायचं, एकदा बसलं की भीती कायमची जाते, काय नाय त्यात. कुणाली खिडकीबाहेर बघत होती. शकूबाई ऐकत होती. तिचा हात कोपरावर गेला होता.

आकाशपाळणा खरंच मोठा होता. माहुलीचे सुळके त्याच्या मागे दिसत होते आणि खालून बघितलं तर पाळणाच उंच वाटत होता. रांगेत रितेशने कुणालीचं मनगट धरलं होतं. पोर रडत नव्हती, ओरडत नव्हती. ती आपल्या चपलांकडे बघत होती आणि पायाची बोटं आत वळवून उभी होती. शकूबाई सुनेबरोबर बाकावर शेंगा सोलत होती. तिला ती बोटं दिसली. पन्नास वर्षांपूर्वी झाडाच्या दुबेळक्यात तिची बोटं अशीच वळली होती.

शेंगा स्नेहलच्या ओटीत टाकून ती उठली. रांगेची साखळी ओलांडून सरळ मुलासमोर जाऊन उभी राहिली.

"हात सोड तिचा."

रितेश म्हणाला, "आये, तू मधी पडू नको. तिच्या भल्याचंच करतोय."

"भल्याचंच करत होता माजा काका बी."

मागच्या बायका माना पुढे काढून ऐकू लागल्या. रितेशचा चेहरा लाल झाला. त्याने हळू आवाजात समजावलं की इथे पट्टा असतो, दांडी असते, पडायचं कामच नाही. पोरीला लोक हसतात, आयुष्यभर हसत राहतील. एक चक्कर मारली की भीती जाते.

"जाते?" शकूबाई म्हणाली. "मग माजी घालव आधी. माजी पन्नास वरसाची जुनी हाय. ती गेली तर पोरीची कुठं लागून गेली? चल, तू नि मी बसू."

"मी कशाला? मी काय पोर हाय?"

"मी तरी कुठं पोर हाय?"

आता बायकांना चेव आला. गटातली कमळाकरची आई म्हणाली, जा रे जा, आयेला घेऊन जा, पुण्य लागेल. सगळ्या हसल्या. रितेशला मागे फिरायला वाट उरली नाही. फिरायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्याने कुणालीचं मनगट सोडलं. पोर पळत आईकडे गेली.

पाळण्यावरच्या माणसाने शकूबाईला विचारलं, "आजी, बीपीबिपी नाय ना?" ती म्हणाली, बीपी नाही, भीती आहे. तो हसला. त्याला वाटलं, आजी गंमत करतायत.

दांडी खाली आली आणि पाळणा मागून उचलला गेला, तसा शकूबाईने पदर दातात धरला. तेवढ्याने भागेना, म्हणून तिने तोंड उघडलं आणि थोरल्या काकाच्या सात पिढ्यांचा मोठ्याने उद्धार सुरू केला. काका त्यातलाच आणि ती स्वतःही त्यातलीच, पण तेवढा हिशोब करायला तिला सवड नव्हती. खालच्या बायकांना प्रत्येक शब्द ऐकू गेला. शिव्या देताना श्वास चालू राहतो, एवढं तिला पहिल्याच फेऱ्यात कळलं, म्हणून तिने त्या थांबवल्या नाहीत. ती डोळे उघडे ठेवून बसली होती.

दुसऱ्या फेऱ्याला पाळणा थांबला. खाली माणसं उतरत-चढत होती आणि यांची पेटी नेमकी वर, टोकाला. वाऱ्याने ती हलकी झुलत होती. शकूबाईच्या शिव्या संपल्या. तिने बाजूला पाहिलं.

रितेशचे डोळे घट्ट मिटलेले होते. डिसेंबरच्या त्या गार हवेत त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ पांढरे पडले होते आणि दोन्ही हातांनी त्याने दांडी अशी धरली होती की बोटांची पेरंसुद्धा पांढरी झाली होती. छत्तीस वर्षांचा बाप माणूस. शकूबाईने आपला वाकडा हात दांडीवरून सोडवला. तो सोडवायला तिला किती कष्ट पडले ते तिचं तिलाच ठाऊक. तो तिने मुलाच्या हातावर ठेवला.

"डोळे उघडू नको," ती म्हणाली. "नाय उघडले तरी चालतं."

डोळे न उघडताच तो म्हणाला, "तुला कवापासून ठाव हाय?"

"तुजा बा गेला त्या वरसापासून. मी नको चढू म्हणले नि तू कोयता ठेवलास. तो ठेवला नाय रे, तुज्या हातातून सुटला."

"मग बोलली का नाय?"

"तुला झाकायचं व्हतं, मी झाकलं. बारा वरसं लोक मला हसले. हसू देत, मला काय फरक पडतो? पण तुजी भीती झाकायला माज्या नातीला झाडावर बसवशील, तर मी झाकायची नाय."

पेटी एकदा हलली आणि खाली निघाली. रितेशने आईचा हात घट्ट धरला, लहानपणी बाजारात धरायचा तसा. शकूबाईने पुन्हा काकाला आठवलं, पण या वेळी जरा हळू.

खाली उतरल्यावर ती तिथेच, सगळ्यांच्या देखत, पाळण्याच्या कठड्याला पाठ लावून जमिनीवर बसली. कुणी पाणी दिलं, कुणी वारा घातला. कमळाकरच्या आईने हसत विचारलं, "काय शकूबाय, गेली ना भीती?"

शकूबाई पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नाय गेली. चढताना व्हती, वर व्हती, आता बी हाय. ती जात नसते. कुणी कुणाची घालवायला जाऊ नये."

कुणाली आईचा हात सोडून पुढे आली. ती आजीकडे आली नाही, बापासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या ओल्या शर्टाकडे तिने पाहिलं, मग तोंडाकडे.

"पप्पा, तुमाला वाटली?"

रितेशने आजूबाजूला पाहिलं. गावची दहा-पंधरा माणसं होती, बायका होत्या, त्यांचे नवरे होते. आईकडे त्याने पाहिलं. या वेळी मधे पडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं आणि ते तिला पाळण्यात बसण्यापेक्षा जड जात होतं.

"वाटली," रितेश म्हणाला. "लय वाटली. मी डोळेच उघडले नाय."

कुणालीने त्याचा हात धरला. त्या दिवशी ती आकाशपाळण्यात बसली नाही. टकरीच्या गाड्यांत मात्र तीनदा बसली आणि तिन्ही वेळा बापाच्याच गाडीला जाऊन धडकली. शकूबाई बाकावर बसून उरलेल्या शेंगा संपवत होती आणि, मार, अजून मार, म्हणून नातीला सांगत होती.

होळीच्या आधी घरचे सगळे राबावर गेले. रितेशने बांबूला कोयता बांधला. कुणालीने बांबूचा बुंधा धरला होता आणि शकूबाई पडलेल्या फांद्या ओढून रचत होती. रस्त्याने गावचा भगीरथ चालला होता. त्याने सायकल थांबवून दर वर्षीचा सवाल टाकला, "काय रे रितेश, यंदा बी आयेनं चढू दिलं नाय?"

"आयेचं काय नाय," रितेश म्हणाला. "मलाच भीती वाटते."

भगीरथ सायकलवर बसून निघून गेला. शकूबाईने मुलाकडे पाहिलं नाही. तिने एक फांदी उचलली, ढिगावर टाकली आणि बांबू जरा डावीकडे घ्यायला सांगितला.