खोल पाण्यातली मरळ

माझं शुद्धलेखन चुकीचं असेल आणि अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि नदीवर पूल नव्हता. ही वही मी तांदळाच्या कोठीमागे ठेवते, त्यामुळे माफी नेमकी कोणाची मागते आहे ते मलाही सांगता येणार नाही. पण डोमाजी काकाजींबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं, आणि ज्यांना लिहिता येतं त्यांची काकाजींशी ओळख नव्हती.

काकाजी माणसाला आधी नाव विचारत नसत, त्याच्या अंगावरचा कपडा बघत. मनीषनगरच्या पुढे, जिथे आमची वस्ती आहे, तिथे मुरूम काढून काढून मोठा खड्डा झाला होता आणि त्यात पाणी साचून तळं झालं होतं. पाणी कमरेएवढं. तळाशी मुरूमच असल्यामुळे इतकं स्वच्छ, की बुडालेला रुपया छापा आहे की काटा ते काठावरून दिसावं. लग्न होऊन आल्यावर मी तिथे चादर धुवायला गेले. पलीकडच्या काठावर एक म्हातारा बांबूची काडी धरून बसला होता. मान न वळवता तो म्हणाला, "सूनबाई, पांढरी चादर हाये. घरी नेऊन धू."

मी चादर उचलली आणि घरी गेले. मला वाटलं, इथला रिवाज असेल.

काकाजी ढिवर, म्हणजे मासे धरणाऱ्या समाजाचे, मूळ रामटेककडचे. मुलाच्या नोकरीमागे नागपूरला आले होते. गरी टाकून मासोळी धरणं एवढं एकच काम त्यांना करावंसं वाटे. स्वच्छ पाण्यात ते सोपं नसतं. गढूळ पाण्यात कोणीही धरेल, असं ते म्हणत, आणि गढूळ पाण्यात धरणाऱ्यांची नावंही घेत. त्यांचा सदरा मुरमाच्या पाण्यात भिजवून मुरमाच्याच रंगाचा केलेला होता. सूर्याकडे तोंड करून बसायचं, म्हणजे सावली मागे पडते. स्टीलचा डबा जवळ ठेवायचा नाही, तो चमकतो. दोरीला तरंगण्यासाठी ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधलेला असे. तो बुडाला की हात हळूच उचलायचा. झटका द्यायचा नाही.

मला वाटलं होतं, बोलायचंही नसेल. पण काकाजी अखंड बोलत. "मासोळीले कान नाही वं, डोये हाये," ते म्हणत. "तू बोल, गाणं म्हण, नवऱ्याले शिव्या दे. फक्त हालू नको." माशांना कान असतात असं माझ्या मुलीच्या पुस्तकात आहे. मी ते काकाजींना सांगितलं नाही. त्यांना मासे मिळत होते.

मी बोलत नाही, ही सासरची मोठी तक्रार होती. सासूबाई म्हणत, "हिच्यापेक्षा भित बरी. भितीवर पाल तरी चुकचुकते." काकाजींना मात्र माझ्यात गुण दिसला. ते म्हणाले, "तुले बसता येते. लोकायले बसताच येत नाही. बसले का खाजवतात." माझ्या बसण्याची स्तुती करणारा तो पहिला माणूस. दुपारची दोन घरची पोळ्यांची कामं आटोपली की मी मळकं लुगडं नेसून त्यांच्या शेजारी जाऊन बसत असे. गरीला लागत त्या चिलापी मासोळ्या ते शिंदीच्या पातीत ओवून वस्तीत वाटत. विकत नसत, आणि विकत घेणं तर लांबच. "ढिवरानं मासोळी इकत घ्याची? मंग न्हाव्यानं का दुसऱ्याकडून दाढी करून घ्याची?"

न्हावी दुसऱ्याकडूनच करून घेतो. तेही मी बोलले नाही.

मग माझ्या नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा तो उभा राहिला की भिंत धरत होता. सासूबाईंनी सांगून टाकलं, "टाके भरायले मरळच पायजे. मरळीचा रस्सा द्या, चार दिवसांत चालते." काकाजी दारातच उभे होते. म्हणाले, "मी आणतो. माह्या हातची मरळ खाऊनच उठन तो."

सगळ्या वस्तीनं हे ऐकलं.

पावसाचे दिवस होते. आमच्या तळ्यात एक मरळ सगळ्यांना दिसत होती, कारण ती पिल्लांवर होती. काठाजवळ उथळ पाण्यात लालसर पिल्लांचा एवढासा ढग फिरत असे, आणि त्याच्याखाली काळी, मनगटाएवढी जाड मरळ. अशा वेळी तिच्या पिल्लांजवळ काहीही टाकलं तरी ती धावून येते. लहान मूलही धरू शकेल.

काकाजी तळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

सासूबाईंनी काठावर जाऊन विचारलं, "काहून जी, इकडे मासोळी समोर फिरून राहिली अन तुम्ही तिकडे तोंड करून बसले?"

"पिलावरची हाये ते."

"मंग?"

"पिलावरची धरत नाहीत. ते भुकेनं नाही येत, रागानं येते. रागावल्या बाईले फसवणं सोपं हाये. त्यात कारागिरी काय?"

"माह्या पोराचा जीव मोठा का मासोळीचा?"

"दोनीही पाह्यतो ना बाई," काकाजी म्हणाले. "जरा बाजूले व्हा. तुमचं लुगडं पिवळं हाये."

ते रोज पहाटे जात आणि अंधार पडल्यावर येत. चिलाप्या मिळत, मरळ मिळत नसे. वस्तीत लोक विचारू लागले, "का बुढेबुवा, उठवता का मुर्दा पाडता?" बोलणं थांबलेले काकाजी मी पहिल्यांदाच पाहिले. नवरा अजून भिंत धरूनच चालत होता.

एका सकाळी ते दारात आले. हातात पळसाच्या पानांत गुंडाळलेली मरळ. चांगली मोठी. सासूबाईंनी हात लावला आणि मागे घेतला.

"इतकी थंडगार कशी वं हे?"

"खोल पाण्यातली हाये," काकाजी म्हणाले.

तळं कमरेएवढं होतं.

मी मरळ चुलीमागे नेली. ओठाला गरीचं भोक होतं, पण त्यातून रक्ताचा टिपूस आला नव्हता. कल्ला उघडला तर आत बर्फाचा खडा. मी तो मोरीत टाकला आणि वितळेपर्यंत तिथेच उभी राहिले, कारण सासूबाई आत येत होत्या. रस्सा केला. नवरा तो प्यायला, मीठ कमी आहे म्हणाला, आणि आठवड्याच्या आत भिंत सोडून चालू लागला. मरळीमुळे की औषधामुळे, हे डॉक्टरला विचारायला कोणी गेलं नाही. वस्तीनं काकाजींना पुन्हा मान द्यायला सुरुवात केली.

पुढच्या सोमवारी बाजारात मासेवाल्या सुमनबाईच्या ताडपत्रीवर मला चिलाप्या दिसल्या, शिंदीच्या पातीत ओवलेल्या. मी बघत उभी राहिले. सुमनबाईच म्हणाली, "तुमच्या तिकडचा बुढा आणते. उधारीत मरळ नेली होती त्यानं, आता चिलापी देऊन फेडून राहिला. कोणाले सांगू नको म्हणते. मी काही कोणाले सांगत नाही."

म्हणजे माझ्या नवऱ्याच्या रश्शासाठी काकाजींनी मासोळी विकतही घेतली होती आणि आता ते विकतही होते. पैसे आमच्याकडून यायला हवे होते. पण द्यायचे कसे? पैसे पुढे केले असते तर ती मरळ विकतची झाली असती.

दिवाळीनंतर तळ्याच्या मालकानं खड्डा बुजवायला घेतला. ट्रकनं तोडफोडीचं मटेरियल येऊन पडू लागलं आणि पाणी चहासारखं झालं. काकाजी दोनचारदा जाऊन बसले. "आता मासोळीले मी दिसत नाही अन मले मासोळी. बरोबरी झाली," असं म्हणून त्यांनी काडी छपरावर ठेवली. थंडीत ते खाटेवरच राहिले. छातीत कफ झाला होता. दर सोमवारी ते मला विचारत, "बाजाराकडे जातं का वं?" आणि लगेच कूस बदलत.

मी जात होते. पोळ्यांच्या पैशांतले थोडे थोडे काकाजींच्या उधारीपोटी सुमनबाईला देत होते.

एकदा मीच म्हणाले, "काकाजी, ती मासेवाली बाई भेटली. म्हणे घाई नाही."

"कायची घाई?"

"ते नाही सांगितलं तिनं."

काकाजींनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाले, "चांगली बाई हाये ते. तुयासारखी. जास्त बोलत नाही."

सुमनबाई बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येते. मी मान हलवली.

संक्रांतीच्या आधी काकाजी गेले. तिरडीजवळ सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "माह्या पोराले यायनंच उठवलं. आपल्या हातानं मरळ धरून आणली होती." मी काकाजींच्या पायाशी बसले होते. हालले नाही.

तेरवी झाल्यावरच्या सोमवारी मी सुमनबाईकडे गेले. तिनं हात जोडले. "राहू द्या बाई. माणूसच गेला, आता कायचे पैसे?"

"घ्या," मी म्हणाले. आजूबाजूच्या दोघीतिघींनी वळून बघितलं, म्हणजे आवाज मोठा झाला असावा. "मरळ त्यांनी धरलेली होती. पण पैसे घ्या."

सुमनबाईनं माझ्याकडे बघितलं. ओले हात लुगड्याला पुसले, नोटा घेतल्या, मोजल्या आणि गोणपाटाखाली सरकवल्या.

"झाले पुरे," ती म्हणाली, आणि एवढंच हळू म्हणाली.