सव्वा मूठ

खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी घरातल्या दर माणशी सव्वा मूठ गहू घेतात, त्यात हरभऱ्याची डाळ घालून दळतात आणि जाडजूड रोट भाजतात. रोट भाऊबंदकीने, म्हणजे एका कुळातल्यांनीच खायचे. परक्याच्या तोंडी जाता कामा नयेत, फेकायचे नाहीत, आणि पुनवेच्या आत संपलेच पाहिजेत.

आम्ही दोघं नवराबायको प्रभू येशूमध्ये आलो त्याला अकरा वर्षं झाली. राहतो धुळ्यात, सासर दोंडाईच्याजवळच्या खेड्यात. पहिल्याच श्रावणात मी सासूबाईंना तोंडावर सांगून टाकलं, "अक्का, आम्ही आता देवाची लेकरं. नैवेद्याचं आम्हाला चालत नाही. आमचे गहू धरू नका." सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, मीही तेच म्हणते. त्या सुपातले गहू निवडत राहिल्या. मला वाटलं, ऐकलं. किती सोपं गेलं म्हणून मी घरी येऊन आभाराची प्रार्थनासुद्धा केली. काय अक्कल माझी!

मी नर्स आहे. अक्कांना साखर आहे, त्यांचं बोट टोचायचं काम माझंच. वर्षभर आकडा बरा असायचा आणि श्रावणात उसळी मारायचा. दर वर्षी! मी त्यांना फैलावर घ्यायची. "चोरून खीर खाता ना? या वयात जीभ आवरत नाही?" अक्का पदराने तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "हां माय, चुकनं मन्हं."

यंदाच्या श्रावणात त्या अंगणात भोवळ येऊन पडल्या. मोठ्या दिरांनी गाडीत घालून धुळ्याला आणलं. साखर इतकी वर की यंत्र आकडाच दाखवेना. डॉक्टर मला म्हणाले, "घरात नर्स असून ही गत?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे खाटेजवळ डोळे मिटून प्रार्थना करत होते. मला एक शब्द सुचत नव्हता. आता जातात की काय, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दुसऱ्या दिवशी अक्का जरा शुद्धीवर आल्या आणि पहिलं काय बोलावं त्यांनी? "माले घर ली चाला. परवा पुनीव शे. रोट बाकी शेतस."

मी म्हटलं, "रोट खातील घरातले. तुम्ही गप पडा."

"त्या मीच खासू," म्हणाल्या, आणि हाताची सलाईनची सुई उपसायला निघाल्या. मी आणि वॉर्डातल्या नर्सने मिळून धरलं त्यांना.

मला काही कळेना. त्यांची लुगडी आणायच्या निमित्ताने मी गावी गेले. देवघराच्या कोनाड्यात एक डबा होता, त्यात फडक्यात बांधलेले तीन रोट. वाळून लाकूड झालेले. मी जाऊबाईंना विचारलं, हे कुणाचे?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वेडी आहेस का. "तुमच्या दोघांचे."

"आमचे? आमचे गहू धरू नका म्हणून मी अकरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."

"अक्का धरतातच. दर साल. आणि तुमच्या वाट्याचे रोट कुणाला शिवू देत नाहीत. पाण्यात कुस्करून एकट्या बसून खातात. भाऊबंदकीला सांगतात, धुळ्याला पाठवले, पोरांनी खाल्ले."

मी डबा खाली ठेवला. अकरा वर्षं मी ज्या बाईला जिभेवरून बोलत होते, ती माझा वाटा गिळत होती. आणि मी आपली जगापासून वेगळी राहिल्याच्या तोऱ्यात! वेगळं राहायचं मी, आणि साखर चढायची अक्कांना.

मी जाऊबाईंचे हात धरले. "या वर्षी तुम्ही खा. पाया पडते तुमच्या. नाहीतर त्या दवाखान्यातून उठून येतील आणि हे खाऊन मरतील."

जाऊबाईंनी डबा पुढ्यात ओढला. "खाईन मी. पण पोरंही खातील आणि बाहेर बोलतील. मग गावाला कळेल की तुम्ही वाटा सोडला. तुमच्या भाऊजींना चार लोकांत बसायचं असतं. चालेल?"

मी मानेनेच हो म्हटलं. चालणार नव्हतं तर काय करणार होते? माझा देव मला तो घास खाऊ देत नव्हता, आणि खोटंही बोलू देत नव्हता. रोट माझ्यादेखत संपले, आणि मी लुगडी घेऊन धुळ्याची बस धरली.

अक्का जाग्याच होत्या. "रोट?"

"संपले."

"कोनी खादात?"

खोटं सांगितलं असतं तर त्यांना झोप लागली असती. मी म्हटलं, "जाऊबाईंनी. अक्का, मला सगळं कळलंय. का केलंत हो असं? मी नको म्हटलं होतं ना? आमचे गहू सोडून द्यायचे."

अक्का भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मूठ कव्हय कमी करतस, तुले म्हाईत शे का? पोर दुसरा घर गयी तर. नही तर मानूस मरना तर. मन्हा पोऱ्या जित्ता शे. मी कशी कमी करू?"

हे दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि पाठ फिरवली.

"आते बठ्ठा गावले कळी," अक्का म्हणाल्या. "आते सांग. पुढला साले कमी करू का मंग?"

अकरा वर्षं मी हेच मागत होते. तोंडात उत्तर तयार होतं. पण त्यांचा सुई टोचलेला हात माझ्या हातात होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नका करू कमी."

अक्कांनी माझ्याकडे वळून बघितलं. "मंग खाई कोन?"