समोरच्या काकांचा युरोपचा बाजार

युरोपातल्या कुठल्या गावात फ्लॉवर महागला, हे त्या गावच्या महापौराच्या आधी आमच्या समोरच्या काकांना कळतं. आणि हे सगळं ज्ञान त्यांनी युरोपात पाऊलही न टाकता मिळवलं. टेक्ससमध्ये शुगर लँडला आमच्या घरासमोरचा रस्ता ओलांडला की काकांचं घर. पस्तीस वर्षं त्यांनी तेलाच्या पाइपलाइनी आखल्या आणि निवृत्त झाल्यावर युरोपची महागाई हातात घेतली. अमेरिकेतल्या महागाईशी त्यांचा काही संबंध नाही. मध्यंतरी अंडी महागली म्हणून अख्खं टेक्सस बोंबलत होतं, तेव्हा काका दुकानात गेले, दोन डझन अंडी घेतली आणि घरी आले. मी विचारलं, "काका, कितीला मिळाली?" तर म्हणाले, "बघितलं नाही गं. प्रागमध्ये मात्र या आठवड्यात उतरलीत."

त्यांची पद्धत त्यांनी स्वतः शोधलेली आहे. वरण, भात, पोळ्या, फ्लॉवर-बटाट्याची भाजी आणि वर कोथिंबीर, असं चार माणसांचं एका वेळचं जेवण रांधायला कुठल्या देशात किती खर्च येतो, हे दर आठवड्याला काढायचं आणि देशांची क्रमवारी लावायची. मी फार्मसिस्ट आहे, मापं आणि तुलना हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. मी एकदा म्हटलं की काका, महागाई मोजताना वीज, गॅस, बसचा पास हेही धरतात. ते म्हणाले, "ते सगळं पेपरात येतं. फ्लॉवर कोण सांगणार?"

माहिती गोळा करायचं काम शनिवारी सकाळी सहाला सुरू होतं, कारण तेव्हा तिकडे दुपार असते आणि लोक बाजार करून नुकते घरी आलेले असतात. उन्हाळ्यात आठनंतर इथे बाहेर उभं राहवत नाही, म्हणून काका सहालाच ड्राइव्हवेवर येतात आणि फोन स्पीकरवर टाकून येरझाऱ्या घालतात. आवाज असा, की फोन हे केवळ निमित्त, समुद्र त्यांना स्वतःच्या घशाने ओलांडायचाय. "तूरडाळ वाढली? कधीपासून?" हे आमच्या गल्लीने इतक्या वेळा ऐकलंय की कोपऱ्यावरचा कुत्रा फिरवणारा अमेरिकन म्हातारा त्यांना कित्येक वर्षं भाजीचे मोठे व्यापारी समजत होता. फोनच्या पलीकडे जी मंडळी असतात, त्यांतल्या बहुतेकांना काकांनी कधी पाहिलेलं नाही. कुणाचा भाचा, कुणाची जाऊ, कुठल्या मंडळाच्या ग्रुपवरून मिळालेला नंबर. डब्लिनला नागपूरचा एक मुलगा, लिस्बनला ठाण्याचं जोडपं, वॉर्साला सांगलीच्या एक बाई. स्टॉकहोमच्या मुलीने एकदा सांगितलं की इथे कोथिंबीर कुंडीसकट विकतात. काका दोन आठवडे अस्वस्थ होते. कुंडीचा खर्च भाजीत धरायचा की घरसामानात? शेवटी त्यांनी तिला फोन करून विचारलं, "कोथिंबीर परत उगवते का?" ती म्हणाली, "नाही हो काका, चार दिवसांत मरते." मग त्यांनी कुंडी भाजीत धरली आणि स्वीडनचा नंबर घसरला.

पार्टीला बोलावलं तर माणूस बरा, पण युरोप फिरून आलेला कुणी तिथे असेल तर धोका. आमच्याकडे एकदा एक डॉक्टर पॅरिसचे फोटो दाखवत होते. काकांनी तीन फोटो सभ्यपणे पाहिले आणि विचारलं, "टोमॅटो कसे होते?" डॉक्टर म्हणाले, "टोमॅटो? काका, आम्ही हॉटेलात उतरलो होतो." काका म्हणाले, "मग गेलात कशाला?" आणि ते खरंच गोंधळले होते, टोमणा वगैरे नव्हता.

हे खूळ कधी सुरू झालं ते मला माहीत आहे. त्यांचा मुलगा निखिल इथेच वाढला आणि नोकरीसाठी जर्मनीत लाइपझिगला गेला. काकू होत्या तोवर त्या त्याच्याशी तासभर बोलायच्या आणि शेवटी "घे, बाबांशी बोल" म्हणून फोन काकांच्या हातात द्यायच्या. काका विचारायचे, "हवा कशी आहे?" निखिल सांगायचा, "थंड." काकू गेल्या आणि उरली फक्त हवा. ती काही दर आठवड्याला बदलत नाही. एकदा काकांनी सहज विचारलं की दूध कितीला मिळतं, तर निखिल तिथल्या भाववाढीवर पाच मिनिटं तावातावाने बोलला. पाच मिनिटं! पुढच्या आठवड्यात त्यांनी बटाटे विचारले. मग एकट्या मुलालाच सारखे भाव विचारणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी उरलेला युरोप जोडला. अलीकडे मात्र निखिलही उतरणीला लागला होता. "दूध?" "सेम." "बटाटे?" "सेम, बाबा." "बरं, ठेवतो."

गेल्या वर्षी माझी मुलगी ईरा हिला पीएचडीसाठी दोन ठिकाणी जागा मिळाली, डब्लिनला आणि लाइपझिगला. तिकडे पीएचडी करणाऱ्याला पगार देतात, पण बेताचाच. होकार दोन आठवड्यांत कळवायचा होता. ईराने जाहीर केलं की ती आमच्याकडून एक डॉलर घेणार नाही, आणि ती तशीच आहे. भागलं नाही तर उपाशी राहील, पण मागणार नाही. म्हणून मी काकांकडे गेले. दोन्ही गावं परवडत नाहीत असा एखादा कागद त्यांच्याकडून मिळाला असता तर मला आवडलं असतं, हेही सांगून टाकते. शेजारच्या ह्यूस्टनलाही चांगली विद्यापीठं आहेत.

काकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांची माहिती मागितली होती. तिसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले, ओट्यावर कागद पसरला आणि निकाल सांगितला. डब्लिन. तिथे इंडियन ग्रोसरी जास्त, डाळ स्वस्त. लाइपझिगला तूरडाळ लांबून आणावी लागते. ईराने कागद नीट वाचला. म्हणाली, "काका, धिस इज अमेझिंग. पण मी रोज वरण-भात नाही खात. आणि रेंट कुठंय?"

"रेंट?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. "भाडं कसं विचारणार?"

"फ्लॉवर विचारता ना?"

"फ्लॉवर वेगळा गं. भाडं विचारलं की माणसाला वाटतं, हा माझा पगार काढतोय. आपल्यात नाही विचारत."

ईरा हसत सुटली, पण मला पटलं. आम्ही पंधरा वर्षं समोरासमोर राहतो आणि काकांच्या घराचा हप्ता फिटला की नाही ते मला आजही माहीत नाही. आपण पहिल्या भेटीत माणसाला "वजन वाढलं का?" विचारू, "अजून मूलबाळ नाही?" विचारू, पण भाडं नाही. या एका सभ्यतेपायी काकांच्या अख्ख्या युरोपात एकाही माणसाला घर नव्हतं. सगळे फ्लॉवर घेऊन उघड्यावर उभे होते.

त्या शनिवारी मी काकांना सहा वाजता आमच्या स्वयंपाकघरात बसवलं. एकट्याने त्यांच्याच्याने विचारवलं नसतं. ईरा झोपली होती. डब्लिनच्या मुलाला त्यांनी आधी डाळ विचारली, मग तांदूळ, मग घसा खाकरून म्हणाले, "राग मानू नकोस, भाड्याचं काय?" मग तो म्हणाला, "काका, खोली मिळाली तर लोक इथे पेढे वाटतात. आम्ही तीन जोडपी एका घरात राहतो, किचन एकच."

काका हादरले. "म्हणजे तो फ्लॉवर सहा जणांत होता?"

"हो ना. तुम्ही कधी विचारलंच नाही."

दीड वर्षाची डब्लिनची आकडेवारी तिथल्या तिथे बाद झाली. काकांनी कागद उलटा केला आणि पाणी मागितलं. मग लाइपझिग राहिलं. ते फोन हातात धरून बसून राहिले. मी म्हटलं, "काका, ईराचा प्रश्न आहे. विचारा."

निखिलने फोन उचलला. काकांनी या वेळी दूध-बटाटे गाळले आणि एका दमात विचारलं, "तू भाडं किती देतोस?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" निखिलचा आवाजच बदलला.

"कुणी काय सांगायचंय? भाडं विचारतोय."

"मी अर्धं देतो, बाबा."

"आणि उरलेलं?"

"कातरीना देते. तीन वर्षं झाली."

मी गॅस बंद केला आणि बाहेर जायला निघाले. काकांनी हातानेच मला बसवलं. फोन टेबलावर होता आणि ते त्याच्याकडे असे बघत होते, जणू त्यात कुणी दिसतंय. मी म्हटलं, आता हे चिडणार किंवा रडणार, आणि दोन्हींसाठी सकाळचे साडेसहा ही काही वेळ नव्हे. काका म्हणाले, "मग इतके दिवस बटाटे एकट्याचे सांगत होतास की दोघांचे?"

पलीकडून हसू आलं. "दोघांचे."

"तरीच मला जास्त वाटायचे."

त्यानंतर ते दोघं पाऊण तास बोलले. मी दोनदा चहा केला. कातरीना काय खाते, तिचे आईवडील काय करतात, घरात ऊन येतं का, जिना किती मजले. भाड्याचा आकडा विचारायचा राहूनच गेला. तो मला मागून वेगळा फोन करून घ्यावा लागला. लाइपझिगलाही भाडी चढली आहेत, पण ईराच्या पगारात एक खोली आणि पाव-चीज-कॉफी निभेल, आणि महिन्यातून एकदा तूरडाळही, असा हिशेब निघाला. कागद माझ्या हातात देताना काकांनी विचारलं, "तुला नाही म्हणायला कारण हवं होतं ना? मी फार शोधलं गं. नाही सापडलं."

ईरा सप्टेंबरमध्ये गेली. खोली काही लगेच मिळाली नाही. पहिले सहा आठवडे ती निखिल आणि कातरीनाच्या सोफ्यावर झोपली, आणि त्या दोघांनी तिच्याकडून भाड्याचं नावही ऐकून घेतलं नाही. कातरीनाने तिला सरकारी फॉर्म भरून दिले, जुनी सायकल दिली, ताप आला तेव्हा सूप करून घातलं. मी त्या मुलीला अजून भेटलेले नाही. काका आमच्याकडे आले तेव्हा त्यांचे आभार मानले, तर म्हणाले, "मी काय केलं? मी नुसतं विचारलं." मी त्यांना म्हटलं की काका, आम्हा दोघी मायलेकींपैकी कुणालाच तो पहिला प्रश्न विचारणं जमलं नसतं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि ओट्यावरची माझी पालेभाजी निवडायला घेतली.

या एप्रिलमध्ये काका स्वतः लाइपझिगला गेले, तीन महिन्यांसाठी. मी त्यांना एअरपोर्टला सोडलं. ते गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सव्वासहाला माझा फोन वाजला. काही झालं तर असावा म्हणून काकांनी माझा नंबर सगळ्यांना दिलाय, हे मला तेव्हा कळलं. "मी वॉर्साहून बोलतेय," एक बाई म्हणाल्या. "काकांचा दोन शनिवार फोन नाही. बरे आहेत ना?"

मी सगळं सांगितलं. मुलगा, कातरीना, तीन महिने. त्या खूश झाल्या. खिडकीतून समोरचा रिकामा ड्राइव्हवे दिसत होता. गल्ली इतकी शांत की स्प्रिंकलर ऐकू येत होता.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "आता घरचं माणूस जवळ आलं म्हणजे आमच्या भाज्या कशाला विचारतील ते. माझं काय होतं, मिस्टर आठवडाभर टूरवर, मुलगी पोलिशच जास्त बोलते. शनिवारी एक मराठी फोन यायचा. मी एकदा त्यांच्यासाठी मुद्दाम फ्लॉवर घेऊन आले होते, मला आवडत नाही तरी."

मला कामावर जायचं होतं, ओट्यावर डबा उघडा पडला होता. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बोला ना. तुमचं नाव काय म्हणालात?"