सुभेदारांची डायरी आणि फुकटची मॅट

"गाडीत दोष नाही, एवढंच लिहून द्या मॅडम. बाकी आम्ही घरी बघून घेतो," महेश म्हणाला आणि त्याने चावी माझ्या टेबलावर ठेवली.

शेजारी त्याचे वडील, सुभेदार निकम, ताठ बसले होते. वय पंचाहत्तर. उमेदीची सगळी वर्षं सैन्यात ट्रक चालवला. चावीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी साताऱ्यातल्या एका कार वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. ग्राहकाची तक्रार ऐकायची, जॉब कार्डवर उतरवायची आणि मेकॅनिककडून काम करून घ्यायचं, हे माझं काम. सुभेदारांची गाडी चौदा वर्षांची, बदामी रंगाची, सीटवर धुतलेला पांढरा टॉवेल. या मॉडेलला आमच्याकडची पोरं 'पेन्शन गाडी' म्हणतात, कारण ते घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा कानटोपीत असतो. मीही त्यावर हसलेली आहे.

तक्रार अशी, की पाय काढला तरी ॲक्सिलरेटर खालीच राहतो आणि गाडी पळत सुटते. असं तीनदा झालं होतं. पहिल्या दोन वेळा सुभेदारांनी गाडी सावरून बाजूला घेतली. तिसऱ्या वेळी हायवेवर उसाच्या ट्रॉलीला बंपर घासला. गाडीत गावातली चार म्हातारी माणसं होती.

ही चार माणसं म्हणजे दोन निवृत्त जवान आणि दोन जवानांच्या विधवा. पाटणजवळच्या गावातून सुभेदार त्यांना महिन्यातून एकदा साताऱ्याला आणत. मिलिटरी कॅन्टीनचं सामान, पेन्शनची कामं, डोळ्यांचा डॉक्टर. त्याच दिवशी गाडीचं काही काम असलं तर ती सकाळी आमच्याकडे टाकत आणि संध्याकाळी सगळ्यांना घेऊन परत जात. महेशने गाडी विकायचं ठरवलं होतं. माझ्या सहीचा कागद मिळाला की वडिलांचं तोंड बंद होणार होतं.

आमचे मॅनेजर जगताप सर आतूनच म्हणाले, लिहून टाक, वय झालंय, त्यात काय शोधायचं. मी जुनी जॉब कार्डं काढली. ही तक्रार दोनदा आली होती आणि दोन्ही कार्डांवर 'एनटीएफ' लिहिलं होतं, म्हणजे तपासलं, बिघाड सापडला नाही. खाली शेरा होता, 'वयस्कर चालक, पेडल चुकत असावा.' दुसऱ्या कार्डावरचं अक्षर माझं होतं. मला लाज वाटली. गाडीवर दहा मिनिटंही न घालवता मी तो शेरा मारला होता.

मी सुभेदारांना विचारलं, "तुमच्याकडून पाय चुकला असेल का?"

"ताई, पॅडल मी सोडलं व्हतं," ते म्हणाले. "गाडीनं न्हाई सोडलं."

त्यांनी पिशवीतून एक वही काढली. सैन्यात प्रत्येक गाडीची डायरी असते, ती सवय त्यांनी घरच्या गाडीलाही लावली होती. तारीख, किलोमीटर, कुठून कुठे, काय झालं. महेशने कपाळाला हात लावला. मी मात्र ती वही ओळ न ओळ वाचली. तिन्ही नोंदी एकाच प्रकारच्या होत्या, 'वर्कशॉपमधून गाडी घेऊन परत येताना.' आमच्याकडे येताना एकदाही काही झालं नव्हतं. म्हणजे पहिली खेप साध्या सर्व्हिसिंगनंतरची, आणि पुढच्या दोन खेपा आम्ही 'बिघाड नाही' म्हटल्यानंतरच्या.

मी उठून गाडीकडे गेले. पेडल, केबल, स्प्रिंग, सगळं ठीक. खाली त्यांची जुनी पातळ रबरी मॅट हुकाला घट्ट बसलेली. मग डिकी उघडली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जाडजूड मॅट होती. आमच्याच वर्कशॉपने ज्येष्ठ नागरिकांना भेट म्हणून दिलेली.

"ही डिकीत कशी?"

"आवं, चांगली हाय, मळंल म्हनून. घरी गेलो की दुसऱ्या दिवशी फस्ट परेडला काडून ठेवतो."

फर्स्ट परेड म्हणजे सैन्यातल्या ड्रायव्हरने रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी केलेली तपासणी. ती सुभेदार निवृत्तीनंतरही रोज करत होते. मी आमच्या वॉशिंगवाल्याला विचारलं. गाडी धुतल्यावर डिकीतली मॅट तो हौसेने रबरी मॅटवर अंथरत होता, गाडी कशी भरलेली दिसते म्हणून. सुभेदार तशीच गाडी घेऊन जात. चढाला किंवा ओव्हरटेक करताना पेडल पूर्ण दाबलं की ते जाड मॅटच्या कडेखाली अडकायचं. दुसऱ्या सकाळी मॅट पुन्हा डिकीत. आमच्याकडे गाडी यायची तेव्हा दोष गुंडाळून ठेवलेला असायचा.

मी जगताप सरांना बाहेर बोलावलं. डिकीतली जाड मॅट रबरी मॅटवर अंथरली, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला ठेवला आणि महेशला ड्रायव्हर सीटवर बसवलं. इंजिन बंदच होतं. पेडल पूर्ण दाबायला सांगितलं, मग पाय काढायला. पेडल वर आलं नाही.

"आता स्टार्ट करा."

इंजिन असं ओरडलं की सगळं वर्कशॉप गोळा झालं. छत्तीस वर्षांचा महेश दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसला आणि आमच्याकडे बघत राहिला. सुभेदारांनी खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"मी ह्येच तीनदा केलं, भर रस्त्यावर," ते म्हणाले. "गाडीत चार मानसं घिऊन."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

जगताप सर मला बाजूला घेऊन म्हणाले, मॅटचं कशाला, 'पेडल ॲडजस्ट केलं' असं लिही. मी मॅटचंच लिहिलं. दोषाचं कारण, वर्कशॉपने दिलेली आणि वर्कशॉपनेच अंथरलेली दुसरी मॅट. खाली सही केली आणि एक प्रत महेशच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली आणि चावी वडिलांपुढे धरली. "घरी जाताना तुमीच चालवा, आण्णा," एवढंच म्हणाला.

त्या आठवड्यात भेटीच्या मॅट वाटणं बंद झालं. वॉशिंगच्या भिंतीवर 'एका वेळी एकच मॅट' असा कागद लागला. पुढच्या महिन्यात सुभेदार चौघांना कॅन्टीनला सोडून आमच्याकडे आले. मॅट आणली होती, ब्रशने घासून स्वच्छ केलेली. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि पावती मागितली, कारण दिलेलं सामान परत केलं की पावती घ्यायची असते. मी जॉब कार्ड घेतलं आणि लिहून दिलं, 'मॅट एक, परत मिळाली.'

लिहिताना लक्षात आलं, की जॉब कार्डवर ग्राहकाच्या वयाचा रकानाच नाही. तो आम्हीच आमच्या अकलेने भरत होतो.